कथनातील तुतारी : प्राणिस्पर्धक, भवभूती आणि शंकरपट

१

प्राण्याने शर्यतीत उतरावे, सर्वांनी त्याला आधीच बाद ठरवावे आणि त्याने जिंकून दाखवावे, हे कथनसाहित्यातील अतिशय जुने आणि तितकेच टिकाऊ आशयसूत्र आहे. इसापच्या नावावर असलेल्या कथेतले कासव मराठी मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच भेटते. १९९७ सालच्या ‘एअर बड’ या चित्रपटात एक कुत्रा शालेय बास्केटबॉलच्या सामन्यात उतरतो. त्यावर हरकत घेतली जाते तेव्हा, कुत्र्याने खेळू नये असे नियमपुस्तकात कोठेही म्हटलेले नाही, हा निर्वाळा निर्णायक ठरतो. या दोन कथांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर असले तरी त्यांची घडण एकच आहे. माणसांनी आखलेला एक नियम, त्या नियमात न बसणारे एक शरीर आणि त्या शरीराच्या ठिकाणी निवेदकाने कल्पिलेली जिद्द, असे तिचे तीन घटक सांगता येतात. पहिल्या दोन घटकांकडे वाचकाचे लक्ष सहज जाते. तिसरा मात्र इतका अंगवळणी पडलेला असतो की तो कोठून आला, हा प्रश्नच उपस्थित होत नाही.

प्रस्तुत विवेचनाचा विषय हा तिसरा घटक आहे. प्राण्याला जिंकायचे आहे, हे कोण सांगते? हा प्रश्न केवळ कथनमीमांसेचा नाही. महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींसंबंधी सर्वोच्च न्यायालयात जो दीर्घ वाद झाला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव परिसर या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरतो. या भागात शंकरपट ही बैलजोड्यांच्या शर्यतीची जिवंत परंपरा आहे. आणि आमगावजवळचे पदमपूर म्हणजेच भवभूतीने आपल्या कुळाचे मूळ स्थान म्हणून सांगितलेले विदर्भातील पद्मपूर होय, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. आमगावातील महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. एकाच भूमीशी जोडलेल्या या दोन गोष्टी, एक अभिजात नाटक आणि एक लोकक्रीडा, परस्परांशेजारी ठेवून वाचल्या तर प्राणिस्पर्धकाच्या कथनाचे मर्म अधिक स्पष्ट होते.

२

खेळ म्हणजे काय, याची आधुनिक काळातील एक काटेकोर व्याख्या बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या ग्रंथात केली आहे. अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ, असा तिचा आशय आहे. धावणाऱ्याला मैदान आडवे ओलांडून अंतिम रेषेपाशी लवकर पोचता येते. तरी तो आखलेल्या मार्गानेच धावतो, कारण त्याने नियम मान्य केलेला असतो. ही मान्यता वजा केली तर धावणे उरते, शर्यत उरत नाही. सूट्स यांनी हा सारा विचार ज्याच्या मुखातून मांडला आहे तो इसापच्या कथेतील नाकतोडा आहे, ही या ग्रंथातील मार्मिक विसंगती होय. खेळाची व्याख्या प्राणी सांगतो, आणि त्या व्याख्येनुसार खेळूच न शकणारा जीव म्हणजे प्राणीच. नाकतोडा बोलू शकतो तो इसापने त्याला वाचा दिली म्हणून.

क्लिफर्ड गीर्ट्झ यांच्या बाली बेटावरील कोंबड्यांच्या झुंजीसंबंधीच्या प्रसिद्ध निबंधात (१९७२) हीच गोष्ट वेगळ्या दिशेने सांगितलेली आहे. रिंगणात झुंजतात ते कोंबडे. पण पणाला लागते ती माणसांची प्रतिष्ठा, त्यांचे कुळ, गावातील त्यांचे स्थान. गीर्ट्झ यांच्या दृष्टीने ही झुंज म्हणजे बालीच्या समाजाने स्वतःविषयी स्वतःलाच सांगितलेली कथा आहे. हे विश्लेषण समाजाच्या अंगाने परिपूर्ण वाटते. परंतु त्यात कोंबडा हा केवळ चिन्ह म्हणून उरतो. चिन्हाला रक्त येते, ही बाब या वाचनपद्धतीत कोठे ठेवावी हे कळत नाही.

मार्क ट्वेन यांची १८६५ साली प्रथम प्रसिद्ध झालेली उडीबाज बेडकाची कथा या कोंडीवर एक वाङ्मयीन उत्तर देते. जिम स्माइली हा पैजेचा वेडा माणूस एका बेडकाला उड्या मारण्याचे शिक्षण देतो आणि त्याच्यावर पैजा जिंकतो. एक परका माणूस येतो, स्माइलीची पाठ वळताच बेडकाच्या पोटात बंदुकीचे छर्रे भरतो आणि पैज जिंकून जातो. कथेचा कथेकरी सायमन व्हीलर हे सारे अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगतो. बेडकाच्या अंगी नम्रता होती, झुंजीचा एक कुत्रा अपमानाने खचून मेला, अशी विधाने तो सहजपणे करीत जातो. वाचकाला हसू येते ते बेडकाचे नव्हे, या विधानांचे. बेडकाच्या पोटात दोन गोष्टी बाहेरून भरल्या गेल्या आहेत: परक्याने छर्रे, आणि व्हीलरने स्वभाव. पहिली गोष्ट बेडकाला जागचा हलू देत नाही, दुसरी त्याला आजवर उड्या मारायला लावीत होती. दोन्ही बेडकाच्या नव्हेत. ट्वेन यांचे सामर्थ्य असे की त्यांनी हे ओझे वाचकाला दिसेल असे ठेवले आहे. ‘एअर बड’सारख्या कृतीत ते दिसू नये याचीच व्यवस्था असते.

३

‘उत्तररामचरित’ या नाटकाच्या चौथ्या अंकात एक प्रवेश आहे. वाल्मीकींच्या आश्रमात जनक, अरुंधती आणि कौसल्या यांच्यासमोर लव उभा असतानाच आश्रमातील मुले धावत येतात. ‘अश्व’ नावाचा जो प्राणी ऐकून माहीत होता, तो आज त्यांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्याला मागे लांब शेपूट आहे, ते तो सारखे हलवतो. मान लांब आहे, खूर चार आहेत. तो गवत खातो आणि आंब्याएवढी लीद टाकतो. एवढे सांगून, तो दूर चालला आहे, चल, म्हणत ती मुले लवाला ओढू लागतात. करुणरसाने भरलेल्या या नाटकात हे वर्णन विनोदासाठी आले आहे, असे सामान्यतः म्हटले जाते. ते खरेही आहे; पण तेवढेच नाही.

या मुलांच्या दृष्टीत घोडा अजून कोणत्याही स्पर्धेत दाखल झालेला नाही. तो शेपूट, मान, खूर, गवत आणि लीद आहे. त्याला ‘अश्वमेधाचा घोडा’ करते ती लवाची विद्या. लवाने शास्त्रे वाचलेली आहेत. घोड्याभोवतीचा सशस्त्र परिवार पाहताच तो त्याचा अर्थ लावतो. हा सम्राटाच्या पराक्रमाचा निकष आहे, इतर सर्व क्षत्रियांना दिलेले आव्हान आहे. त्यानंतर रक्षकांची घोषणा ऐकू येते आणि लव पेटून उठतो. म्हणजे एकाच प्राण्याची दोन वाचने अवघ्या काही संवादांच्या अंतरावर येतात. पहिल्यात प्राणी आहे आणि अर्थ नाही. दुसऱ्यात अर्थ आहे आणि प्राणी जवळजवळ नाहीसा झाला आहे.

अश्वमेध ही संस्था या दृष्टीने प्राणिस्पर्धेचे आदिरूप मानता येईल. घोडा मोकळा सोडलेला असतो. तो वाटेल तेथे चरत जातो, आणि तो जेथे जाईल तेथवर राजाची सत्ता पोचली असे मानले जाते. चाल घोड्याची, दिग्विजय रामाचा. घोड्याला आपण जिंकत आहोत याची वार्ताही नसते, आणि विजय पूर्ण झाल्यावर त्याच्या वाट्याला जे येते ते यज्ञातील मरण. स्पर्धकाच्या अजाणतेपणावर इतकी स्पष्टपणे उभी राहिलेली स्पर्धा दुसरी आढळणे कठीण.

भवभूतीने या संस्थेवर कोठेही उघड टीका केलेली नाही. पण त्याच्या नाट्यरचनेतून एक गोष्ट घडून जाते. लव मुलांना सांगतो की ढेकळे मारीत घोड्याला वळवून आणा. तो आश्रमातील हरणांमध्ये चरू दे. त्यानंतर पाचव्या अंकात लव आणि लक्ष्मणपुत्र चंद्रकेतू समोरासमोर येतात, सहाव्यात विद्याधर दांपत्याच्या तोंडून त्यांच्या युद्धाचे वर्णन होते, राम येतो, पिता-पुत्रांची भेट होते. ज्याच्यामुळे हे सारे सुरू झाले तो घोडा या घडामोडींच्या मध्यभागी राहत नाही. स्पर्धेला आता त्याची गरज उरलेली नाही. ती प्रथमपासून माणसांचीच होती. लवाने वापरलेली ढेकळे विसरता येत नाहीत, म्हणून या प्रसंगाला प्राणिदयेचा प्रसंग म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही हरणांमध्ये चरणारा घोडा ही या नाटकाने उभी केलेली एक शक्यता आहे: नियमाच्या कक्षेतून बाहेर काढलेला, आणि पुन्हा मुलांनी पाहिला तसा केवळ प्राणी झालेला स्पर्धक.

४

भवभूतीच्या घोड्याकडून शंकरपटाच्या बैलाकडे येताना एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. घोडा धावण्यासाठीच ओळखला जातो, बैल ओढण्यासाठी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून होणाऱ्या झाडीपट्टीत धानाची शेती मुख्य आहे. चिखलणीपासून मळणीपर्यंत बैलाचे काम मंद, जड आणि दीर्घ असते. धान घरी आले की थंडीच्या दिवसांत शंकरपट भरू लागतात. हलक्या गाडीला जोडी जुंपली जाते, धुरकरी तिच्यावर उभा राहतो किंवा बसतो, आणि वर्षभर संथपणासाठी नावाजलेला प्राणी काही क्षणांसाठी वेगाचा प्राणी होतो. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी सुटतात, काही ठिकाणी एकेक जोडी सुटते आणि वेळ घड्याळाने मोजली जाते. बैल हा अनपेक्षित स्पर्धक आहे आणि पटाचे आकर्षण या अनपेक्षिततेत आहे.

मराठी भाषेने या क्रीडेसाठी योजलेले शब्दही बोलके आहेत. ‘पट’ हा शब्द सोंगट्यांचा आणि बुद्धिबळाचाही आहे. आखलेली जागा आणि तीत चालणारा नियम असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. सोंगटी जशी पटावर चालवली जाते तशीच येथे जोडी. ‘जोडी’ हा शब्द तर प्राणिस्पर्धकाच्या रूढ कथेलाच छेद देणारा आहे. ती कथा एका नायकावर उभी असते. पटात एकटा बैल जिंकत नाही. ‘जोडी सुटली’, ‘जोडी लागली’ असे म्हणताना दोन नर प्राणी मिळून एक स्त्रीलिंगी एकवचन होतात आणि त्या एकवचनाला मालकाचे नाव लागते. व्याकरणाने केलेले हे विलीनीकरण गीर्ट्झ यांच्या निष्कर्षाला पुष्टी देणारे आहे. मात्र त्याच जोडीतला कोणता बैल उजवीकडे चालतो, कोणता बिचकतो, कोणाला कोणाची सोबत लागते, हे धुरकऱ्याला नेमके माहीत असते. भाषेत विरलेले दोन प्राणी त्याच्या हातातील दोरांत पुन्हा वेगळे होतात.

आणखी एक वस्तू येथे नोंदविली पाहिजे. बैलाला टोचून चालविण्याच्या अणकुचीदार काठीला विदर्भात तुतारी म्हणतात. पटावरील वादाचा फार मोठा भाग या वस्तूभोवती आणि तिच्यासारख्या इतर उपायांभोवती फिरला आहे. बैल वेगाने धावतो हे सर्वांना दिसते. तो का धावतो याचे उत्तर तुतारी देते. कथनात ज्याला जिद्द म्हटले जाते तिचे काम नेमके हेच असते. मैदानात तुतारी जे करते ते संहितेत निवेदक करतो: बाहेरून दिलेल्या टोचणीला तो आतून आलेली ऊर्मी म्हणतो. या अर्थाने प्राणिस्पर्धकाच्या प्रत्येक कथेत एक अदृश्य तुतारी असते, आणि समीक्षेचे पहिले काम ती कोणाच्या हातात आहे हे पाहण्याचे आहे.

५

११ जुलै २०११ रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांना प्रयोगासाठी शिकविण्यास वा प्रदर्शित करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्याबरोबर बैलाचाही समावेश झाला. ‘एअर बड’मध्ये नियमाचे मौन कुत्र्याला खेळाडू करते, येथे नियम बोलला आणि बैल खेळाडू राहिला नाही. अधिसूचनेतील मूळ इंग्रजी शब्द ‘बुल’ हा आहे. मराठीत वळू वेगळा आणि बैल वेगळा. एक प्रजननासाठी राखलेला, दुसरा खच्ची करून कामाला लावलेला. कायद्याच्या भाषेत आलेला शब्द शेतीच्या भाषेत उतरताना त्याचे किती अर्थ होतात, याचा हा नमुना होय.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घालणारा निर्णय दिला. त्यातील युक्तिवादाचा एक महत्त्वाचा धागा शरीररचनेचा होता: बैलाचे शरीर अशा प्रयोगासाठी घडलेले नाही, त्याला त्यासाठी भाग पाडले जाते. म्हणजे न्यायालयाने बैलाला अनपेक्षित नव्हे, तर अशक्य स्पर्धक ठरविले. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यात शर्यतींना सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. सुधारित तरतुदींमुळे प्राण्यांच्या वेदना बऱ्याच प्रमाणात कमी होतात, हा त्यामागील एक आधार होता. निकालांच्या या प्रवासात मध्यवर्ती प्रश्न सरकत गेलेला दिसतो. २०१४ मध्ये तो बैलाच्या प्रकृतीचा होता. २०२३ मध्ये तो परंपरेचा, विधिमंडळाच्या अधिकाराचा आणि नियमनाचा झाला. बैल स्पर्धक आहे की नाही, याचे उत्तर देण्याऐवजी स्पर्धा कोणत्या अटींवर चालावी हे ठरले.

या काळात झाडीपट्टीने काय गमावले याचीही दखल घेणे न्याय्य ठरेल. येथे दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडगोळी रूढ आहे. वडसा-देसाईगंज येथून निघणाऱ्या नाटक मंडळ्यांचा हंगाम मंडई आणि पटाच्या तारखांना बांधलेला असतो. या रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. बंदीची झळ म्हणून केवळ मालकांना आणि धुरकऱ्यांनाच लागली नाही. या दोन प्रकारांचे नाते आर्थिक आहे तसेच सौंदर्यशास्त्रीयही आहे. तोच प्रेक्षक दिवसा अशा स्पर्धकांना पाहतो ज्यांना एकही वाक्य नाही, आणि रात्री अशा पात्रांना ज्यांच्यापाशी वाक्यांशिवाय काहीच नाही. पोळ्याला म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांमध्येही बैलाच्या सणाचे निमित्त करून माणसांच्याच व्यवहारावर बोट ठेवले जाते. बैल सर्वत्र उपस्थित असतो, पण बोलत कोठेच नाही. त्याच्या मौनाभोवती एक सबंध प्रदेश बोलतो.

६

मराठी कथात्म साहित्यात या मौनाचे काय झाले? ग्रामीण साहित्यात बैल मुबलक आहे, परंतु तो प्रामुख्याने श्रमाचा सोबती आणि घरातला एक जीव म्हणून येतो. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीतील नारबा हा शेतगडी जनावरांमध्येच आपली नाती शोधतो. ट्रॅक्टर येतो आणि तो गोतावळा उधळला जातो. तेथे जनावरांना भावना बहाल करणारा नारबाच आहे, आणि कादंबरी पूर्णतः त्याच्याच बोलीतील निवेदन असल्यामुळे ते बहाल करणे त्याच्या एकाकीपणाचा भाग म्हणून वाचकापुढे येते. तुतारी लपविलेली नाही. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘सत्तांतर’ (१९८२) ही वानरांच्या टोळीवरील कादंबरी दुसऱ्या टोकाला जाते. तेथे संघर्ष आहे, विजय आणि पराभवही आहेत. पण ती माणसांनी आखलेली स्पर्धा नाही आणि निवेदक निरीक्षकाच्या संयमाने लांब उभा राहतो. एकीकडे स्पर्धेविना आपुलकी, दुसरीकडे माणसाविना संघर्ष. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे माणसाने आखलेल्या पटावर उतरलेला प्राणी, मराठी कथनाच्या मध्यवर्ती परंपरेने फारशी हाताळलेली नाही. ही जागा रिकामी राहिली आणि बैल म्हणजे कोण, हे सांगण्याची जबाबदारी अधिसूचना, शपथपत्रे आणि पशुवैद्यकीय अहवाल यांच्या भाषेवर येऊन पडली.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. प्राण्याला इच्छा बहाल करणे हे नेहमीच आरोपण असते काय? विकी हर्न या तत्त्वचिंतक आणि प्राणिप्रशिक्षक लेखिकेने ‘ॲडम्स टास्क’ (१९८६) या पुस्तकात याच्या उलट भूमिका घेतली आहे. प्रशिक्षकांची भाषा, जीत प्राणी प्रामाणिक असतो, रुसतो, कामाचा अभिमान बाळगतो, ती अज्ञानाची भाषा नसून दीर्घ सहवासातून आलेल्या ज्ञानाची भाषा आहे, असे त्यांचे म्हणणे. धुरकऱ्याच्या बोलण्याला हा न्याय लावता येईल. आपला बैल आज मनावर घेत नाही, असे तो म्हणतो तेव्हा ते वाक्य निरीक्षणावर उभे असते, आणि तो बैल तसाच उभा राहिला तर ते खोटे ठरविता येत नाही. प्राणिस्पर्धकाच्या रूढ कथेतील निवेदकाच्या वाक्याला अशी कोणतीच कसोटी नसते. त्याचा प्राणी शेवटच्या पानावर जिंकणारच असतो. नको म्हणण्याची मुभा त्याला दिलेलीच नसते.

म्हणून भेद करायचा तो इच्छा बहाल करणाऱ्या आणि न करणाऱ्या संहितांमध्ये नव्हे. तो करायचा आहे प्राण्याच्या नकाराला जागा ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या संहितांमध्ये. ट्वेन यांचा बेडूक जागचा हलत नाही आणि सगळी पैज कोसळते. भवभूतीचा घोडा हरणांमध्ये चरू लागतो आणि दिग्विजयाला खीळ बसते. कासवाची कथा मात्र कासव वाटेत थांबले असते तर सांगितलीच गेली नसती. धावपट्टीच्या मध्यावर थबकलेली जोडी पटात हरते; कथनाच्या दृष्टीने तो क्षण विजयाच्या क्षणापेक्षा अधिक मोलाचा आहे, कारण तेवढ्यापुरते तरी बैलाचे वागणे मालकाच्या नावाखाली जमा होत नाही. शंकरपटावरील मराठी कादंबरीला आपला आरंभ याच क्षणापासून करता येईल.